कुलूप लावलेली घरं आणि अकरा महिन्यांचे करार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात वन बीएचके भाड्याने घेऊन राहता, तीन वर्षांत दोनदा घर बदलावं लागलं आणि आता मालक २४ हजारांवरून २९ हजारांवर गेलाय. तुमच्याच इमारतीत चार फ्लॅट वर्षानुवर्षं कुलूप लावून पडलेत. मग सरकारने भाड्यावर मर्यादा का घालू नये, आणि ही बंद घरं भाड्याने द्यायला मालकांना भाग का पाडू नये?

मी सनद घेतली तेव्हा महाराष्ट्राचा नवा भाडे कायदा येऊ घातला होता. तेव्हापासून मुंबईच्या लघुवाद न्यायालयात घरमालक-भाडेकरूंचे दावे चालवतोय. दोन्ही बाजूंची वकीलपत्रं घेतली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्यात. एक, भाडं किती. दुसरी, इथे मला किती दिवस राहता येईल. माझ्या कार्यालयात येणारी माणसं पहिलीबद्दल चिडलेली असतात आणि दुसरीबद्दल खचलेली. मुलाची शाळा, आईचा डॉक्टर, गॅसचा पत्ता, सगळं दर वर्षी उचलून न्यायचं. मालकाला विचाराल तर तोही हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारत असतो: दिलेलं घर मला परत कधी मिळेल? सरकारी धोरणाने भाडं आणि भाड्याच्या घरांची संख्या कशी बदलते, याचं निम्म्याहून जास्त उत्तर या एका प्रश्नात आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. महाराष्ट्रात भाड्यावर मर्यादा आहेच. ती तुम्हाला लागू नाही, इतकंच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. त्यापलीकडची वाढ फक्त दुरुस्ती-सुधारणा किंवा वाढलेले कर यांसाठी. शिवाय ठरलेली कारणं कोर्टात सिद्ध केल्याशिवाय त्याला काढता येत नाही, आणि तो वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जातो. तुमचा करार मात्र ‘लिव्ह अँड लायसन्स’चा. कागदावर तुम्ही भाडेकरू नाहीच, परवानाधारक आहात. देता ते भाडं नाही, परवाना शुल्क. या दोन शब्दांच्या फरकामुळे एकाच गल्लीत एक कुटुंब महिना काहीशे रुपयांत तीन पिढ्या राहतं आणि शेजारच्या इमारतीत दुसरं कुटुंब तीस हजार देऊन अकरा महिन्यांत सामान बांधतं.

ही दरी कशी पडली ते जरा सविस्तर सांगतो, कारण आज तुम्ही जी मर्यादा मागताय तिचा पूर्ण प्रयोग याच शहरात होऊन गेलाय.

मुंबईत भाड्यावर पहिलं नियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये आलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आलं आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने ते पक्कं झालं. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच बहुतेक जागांचं प्रमाणित भाडं, म्हणजे ज्यावर मालकाला जाता येत नाही ते भाडं, ठरलं. तो निर्णय त्या घडीला योग्यच होता, असं माझं ठाम मत आहे. युद्धाने सिमेंट-लोखंड मिळत नव्हतं, गिरण्यांकडे माणसं येत होती, फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. त्या काळात भाडं मोकळं सोडलं असतं तर कामगार कुटुंबं रस्त्यावर आली असती. चूक पुढे झाली. तात्पुरता म्हणून आणलेल्या कायद्याला मुदतवाढ मिळत गेली आणि १९४० चा आकडा पन्नास वर्षं तसाच राहिला.

त्याचा परिणाम एका दिवसात दिसला नाही. गिरगाव, दादर, परळ इथल्या चाळी खासगी मालकांनी भाड्याच्या उत्पन्नासाठीच बांधल्या होत्या. भाडं गोठलं, पण गवंड्याची मजुरी आणि सागाचा वासा गोठला नाही. मालकाने आधी रंग थांबवला, मग जिन्याची दुरुस्ती, मग छपराची. माझ्याकडे आलेल्या एका चाळमालकाच्या सहा वारसांना मिळून महिन्याला जे भाडं येत होतं, त्यात भाडेपावत्या फाडणाऱ्या मेहत्याचा पगारही सुटत नव्हता. इमारती पडू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये सरकारला वेगळा कायदा करून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं, भाडेकरूंकडून उपकर घ्यावा लागला. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. म्हणजे एका धोरणाने जी दुरुस्ती थांबवली, ती करायला दुसरं धोरण. दर पावसाळ्यात धोकादायक इमारतींची जी यादी लागते, तिच्यात त्या गोठलेल्या भाड्याचा मोठा वाटा आहे. त्या यादीतल्या इमारतीत राहणाऱ्या अशिलाला ‘घर सोडलंत तर हक्क जाईल का’ या भीतीपायी तडा गेलेल्या भिंतीखाली झोपताना मी पाहिलंय. भाडं स्वस्त ठेवून आपण त्याला सुरक्षित घर दिलं, असं मला म्हणवत नाही.

आणि नव्या चाळी? त्या बांधणंच थांबलं. ज्याच्याकडे भांडवल होतं त्याने विकायला फ्लॅट बांधले. १९६३ मध्ये मालकी सदनिकांचा कायदा आला आणि ‘ओनरशिप’ हा शब्द घरोघरी झाला. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात एक आकडा आहे: देशाच्या शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, २०११ मध्ये ते २८ टक्क्यांवर आलं. सगळा दोष भाडे कायद्याला देणं चुकीचं ठरेल. गृहकर्ज सोपं झालं, कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळाली, लोकांचं उत्पन्न वाढलं. पण भाड्यासाठी इमारत बांधणारा माणूस मुंबईतून नाहीसा झाला तो या गोठवण्यामुळे, याबद्दल मला शंका नाही.

आता सगळ्यात कमी बोलला जाणारा प्रसंग. भाडेकरू ठेवला तर तो कायमचा होतो हे पाहून मालकांनी साठच्या दशकात लिव्ह अँड लायसन्सची वाट धरली. राहायची फक्त परवानगी, हक्क काही नाही. पुष्कळ करार नुसते नावाला परवाना होते, आत भाडेकरारच होता, हेही खरं. सरकारने १९७३ मध्ये दुरुस्ती केली: १ फेब्रुवारी १९७३ ला जे परवानाधारक चालू कराराने जागेत होते, ते सगळे संरक्षित भाडेकरू झाले. त्या दिवशी आत असलेल्यांना कायमचं घर मिळालं. जे त्यानंतर घर शोधायला निघाले त्यांच्यासाठी दारं बंद झाली. माझे ज्येष्ठ, ज्यांच्याकडे मी उमेदवारी केली, सांगायचे की त्यानंतर कित्येक वर्षं लोक सख्ख्या भाच्यालाही किल्ली द्यायला कचरत.

मालकाने तेव्हा शिकलेला धडा भाड्याच्या आकड्याचा नव्हता. सरकार झालेला करार मागे जाऊन बदलू शकतं, हे तो शिकला. ही भीती पुढच्या पिढीकडेही गेली. आज चाळिशीतला आयटीतला मालक माझ्यासमोर बसतो, त्याला १९७३ हे साल माहीत नसतं, पण ‘वडील म्हणायचे, अकरा महिन्यांच्या वर द्यायचं नाही’ हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भाडं इतकी वर्षं गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी आता अवाजवी झाल्यात. त्यानंतर नवा कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम २४ मालकाच्या कामाचं आहे: परवान्याची मुदत संपली की जागा सोडायची, नाही सोडली तर दुप्पट शुल्क, आणि ताब्यासाठी नेहमीच्या दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज. लेखी करारात जे लिहिलंय ते तिथे निर्णायक पुरावा मानलं जातं. कलम ५५ तुमच्या कामाचं आहे: करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि नोंदणी नसेल तर कराराच्या अटींबद्दल तुमचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे वाक्य अजूनही दलाल बिनदिक्कत सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे.

या कायद्यानंतर भाड्याने मिळणाऱ्या घरांचा पुरवठा वाढला, हे मी माझ्या टेबलावरून पाहिलं. पूर्वी कंपनीला किंवा बँकेलाच घर देणारे मालक कुटुंबांना देऊ लागले. पण सगळा तोल एकदम दुसऱ्या टोकाला गेला. आधी भाडेकरू कधीच जात नव्हता, आता त्याला टिकताच येत नाही.

मर्यादा आज परवान्याच्या घरांवरही घातली तर काय होईल, ते मालकाच्या हिशेबातून पाहा. समजा फ्लॅटची किंमत दीड कोटी आणि भाडं ३५ हजार. वर्षाला ४ लाख २० हजार, म्हणजे किमतीच्या २.८ टक्के. त्यातून सोसायटीची देखभाल, मालमत्ता कर, दोन भाडेकरूंमधला रिकामा महिना आणि रंगकाम वजा करा. हातात दोन टक्क्यांच्या आसपास उरतं. बँकेतली मुदतठेव याहून जास्त देते. मालक घर धरून ठेवतो ते किंमत वाढेल म्हणून. भाडं ही त्याच्यासाठी वरकमाई. ज्याला भाड्याची इतकी थोडी गरज आहे, त्याला ‘घर अडकेल’ ही थोडीशी शंकाही कुलूप लावायला पुरते. मर्यादेने वरकमाई आणखी कमी होईल आणि शंका वाढेल.

जे घर बाजारात राहील तेही मर्यादेच्या भावात तुमच्या हाती येईल असं समजू नका. जुन्या भाड्यांच्या बाबतीत काय झालं? भाडं गोठलं म्हणून पागडी आली. महिन्याला नाममात्र भाडं आणि आत शिरताना रोख रक्कम. खोली दुसऱ्याच्या नावावर करताना मालकाचा हिस्सा, बहुतेक ठिकाणी तिसऱ्या भागाच्या आसपास. अनेक वर्षं हा व्यवहार बेकायदा होता आणि सगळं शहर तो करत होतं. शेवटी १९९९ च्या कायद्याने तो मान्य करून टाकला. आजच्या बाजारात तीच गोष्ट हेवी डिपॉझिटच्या, म्हणजे आधीच भरायच्या मोठ्या अनामतीच्या रूपाने येईल. ज्याच्याकडे एकरकमी पैसा नाही, तो आधी बाहेर पडेल.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. भाव गोठला की एका घरामागे वीस जण रांगेत उभे राहतात, आणि मग मालक माणूस पाहून निवड करतो. आडनाव, धर्म, स्वयंपाकघरात काय शिजतं, एकटी मुलगी आहे का. हे आजही होतं, सर्रास होतं. पण घरं पुरेशी असतात तेव्हा रिकामा महिना सोसायला नको म्हणून मालक आपले आग्रह थोडे सोडतो. टंचाईत त्याला काही सोडावं लागत नाही. मर्यादेची मागणी करणाऱ्या तरुण मुलींना मी हे नेहमी सांगतो, कारण पहिला नकार त्यांनाच मिळणार असतो.

आता बंद घरांकडे येऊ. त्याच आर्थिक पाहणीत २०११ च्या जनगणनेच्या आधारे मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी असल्याचं म्हटलंय. आकडा मोठा आहे, पण त्याच्या आत बरीच वेगवेगळी कुलपं आहेत. काही घरं बिल्डरची न विकलेली. काही इतक्या लांब की पाणी टँकरचं आणि स्टेशनला जायला रिक्षा नाही. काही भावाभावांच्या वाटणीत अडकलेली. अशा घरांचे तीन दावे या घडीला माझ्याच कपाटात आहेत. आणि काही निव्वळ भीतीपोटी बंद. रिकाम्या घरावर कर लावला तर यातली शेवटची थोडी उघडतील. वाटणीतली आणि टँकरवाली उघडणार नाहीत. म्हणून कर लावू नये असं मी म्हणत नाही. ताब्याची भीती न घालवता नुसता कर लावला तर मालक घर भाड्याने देण्याऐवजी, ते वापरात आहे असं दाखवायला चुलतभावाच्या नावाने विजेचं बिल चालू ठेवेल.

तुमच्या भागात भाडं याच दोन-तीन वर्षांत इतकं का उसळलं, याचं कारण मात्र भाडे कायद्यात नाही, पुनर्विकासात आहे. मुंबईत २०१८ ला नवी विकास नियंत्रण नियमावली आली, वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी, मिळाला, आणि जुन्या सोसायट्या एकामागून एक पाडायला निघाल्या. बाकीच्या शहरांतही तेच चाललंय. साठ कुटुंबांची सोसायटी रिकामी झाली की साठही कुटुंबं मुलांच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरात घर शोधतात, आणि त्यांचं भाडं बिल्डर देतो. स्वतःच्या पगारातून भाडं भरणारे तुम्ही त्यांच्याशी स्पर्धेत असता. इमारत उभी राहिली की घरं वाढतील आणि ताण उतरेल, पण मधली तीन ते पाच वर्षं भाडेकरूच्या अंगावर येतात. त्यामुळे जास्त बांधकामाला मोकळीक दिली की भाडं उतरतं हे खरंय, फक्त ते आधी चढतं. किती चढतं ते त्या वॉर्डात एकाच वेळी किती इमारती पाडल्या जातात यावर. पाडकामाला टप्पे घालून देणं महापालिकेला शक्य आहे. ते कुणी करत नाही याचं मला वाईट वाटतं.

सरकारने स्वतः भाड्याची घरं बांधावीत, असंही तुम्ही सुचवलंय. विचार चांगला आहे आणि मुंबईत तो जुना आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या २०७ बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारनेच भाड्यासाठी बांधल्या. आज शिवडी वगळता तिथल्या भाडेकरूंना ५०० चौरस फुटांची घरं मालकी हक्काने मिळतायत. त्या कुटुंबांसाठी मला मनापासून आनंद आहे, शंभर वर्षं १६० चौरस फुटांत काढलीत त्यांनी. पण शहराच्या बाजूने पाहिलं तर भाड्याचा तेवढा साठा संपला. २००८ मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाने, १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना काढली. पनवेलजवळच्या कोनमधली घरं शेवटी गिरणी कामगारांना सोडतीत दिली गेली. भाड्याचं सरकारी घर भाड्याचंच राहील, अशी तरतूद कायद्यात पक्की केल्याशिवाय दर पिढीला हेच होणार.

गरिबांच्या भाड्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. या शहरात सगळ्यात जास्त गरजू भाडेकरू झोपडपट्टीतल्या पोटमाळ्यावर राहतो. त्याच्याकडे करार नाही, पावती नाही. पुनर्वसनात घर ठरावीक तारखेआधीच्या पुराव्यावर मिळतं, म्हणून खोलीवाला त्याला त्या पत्त्यावर कुठलाही कागद काढू देत नाही आणि पुरावा तयार व्हायच्या आत खोली बदलायला लावतो. पुनर्वसनाचं धोरण घर देण्यासाठी आहे, पण या माणसाचं अस्तित्व ते पुसून टाकतं.

मग करायचं काय? माझ्या मते मागणी बदलायला हवी. आकड्यावर मर्यादा मागण्यापेक्षा मुदत मागा: किमान तीन वर्षांचा करार, वाढ आधीच लिहिलेली, मधे काढता येणार नाही. आणि त्याच दमात मालकासाठी मागा, की मुदत संपल्यावर ताबा ठरावीक महिन्यांत मिळेलच. कलम २४ चा अर्ज लवकर निघावा अशी अपेक्षा आहे; प्रत्यक्षात मी त्यात दोन-दोन वर्षं गेलेली पाहिली आहेत. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती, वेगळं भाडे न्यायालय, आणि मुदतीनंतर घर न सोडल्यास पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडं, असं आहे. घरांचा विषय राज्यांचा, त्यामुळे राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. मला त्यातली ताब्याची बाजू पटते. मुदतीची बाजू कच्ची वाटते, कारण किमान मुदत त्यातही करारावरच सोडलीय.

कायदा बदलेपर्यंत थांबू नका. सध्याच्या कायद्यात साठ महिन्यांपर्यंतचा करार चालतो. तुमच्या मालकाला २९ हजारांना नाही म्हणण्याऐवजी हा हिशेब दाखवा: २७ हजारांपासून सुरुवात, दर वर्षी ५ टक्के वाढ, छत्तीस महिने. तीन वर्षांत त्याला १० लाख २१ हजार मिळतात. २९ हजारांनी नवा माणूस आणला आणि मधे एकच महिना घर रिकामं राहिलं, तर १० लाख १५ हजार. त्यातून पुन्हा दलाली आणि रंग. दर वर्षी माणूस बदलून भाडं वाढवत नेईन म्हणाला, तर दर बदलामागे तो रिकामा महिनाही मोजायला सांगा.

करारात दोन वाक्यं हवीत: ‘लॉक-इन’, म्हणजे करार मधेच न मोडण्याची अट, दोन्ही बाजूंना बंधनकारक, आणि मुदत संपण्याआधी तीन महिने एकमेकांना लेखी कळवायचं. मुद्रांक शुल्क सध्याच्या दराने एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, अधिक अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्यावर तेवढंच. लाखभर अनामत असेल तर तुमच्या करारावर सगळं मिळून साधारण २,६०० रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणीचे १,००० वेगळे. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जास्त पैसे मागत असेल तर मालकाला सांगा की बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं शुल्क, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, राज्य सरकारने २००१ मध्येच तसा आदेश काढलाय. म्हणजे ते जास्तीचे पैसे तुमच्या भाड्यातून वसूल होणार नाहीत.

मालक छत्तीस महिन्यांना तयार झाला नाही तर चोवीस मागा. माझ्या हातून झालेल्या अशा करारांत बहुतेक मालक पहिल्या भेटीत नाही म्हणतात, आणि ताब्याबद्दलचं कलम २४ स्वतः वाचून दाखवलं की दुसऱ्या भेटीत सही करतात. कराराचा मसुदा आला की आधी मुदतीचं कलम वाचा, मग भाड्याचं.